सुगी होईपर्यंत

यंदा ज्वारी बरी आली आहे. परवा सकाळी आमच्या मागच्या रानात काढणीला सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत अंगण, ओसरी, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर कडब्याची ती बारीक, गोडसर धूळ येऊन बसली. मला शिंका लागल्या. आमच्या घरात सुगी आल्याची वर्दी सगळ्यात आधी माझं नाक देतं. बत्तीस वर्षं शाळेत खडूचा भुगा खाल्ला, त्याचं काही वाटलं नाही. कडब्यापुढे मात्र मी शरण जाते. तोंडाला पदर लावून मी ओसरीवर बसले होते, तर रस्त्याने जाणारी शमुवेलची बायको म्हणाली, "बाई, कोरोना संपला की हो!" मी तिला हातानेच जा म्हटलं. बोलायची सोय नव्हती.

या दिवसांना एक वेगळीच सुस्ती असते. हरभऱ्याची आंब हातावरून धुवून जात नाही. करडई वाळून असा काटा धरते की तिच्याजवळून जाताना लुगड्याचा काठ वर घ्यावा लागतो. लिंबाची पानं झडून गेलेली असतात आणि तांबूस पालवी येत असते. उन्हाला अजून धार आलेली नसते, नुसती ऊब असते. माणसं रानात असतात, गाव रिकामं असतं, आणि त्या रिकाम्या गावात मला दर वर्षी चार वर्षांपूर्वीची सुगी आठवते. याकोबनानांची सुगी, असं मी तिला मनात म्हणते.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, बोरीच्या अलीकडे. गावात आम्ही ख्रिस्ती अकरा घरं. पत्र्याचं छप्पर, दगडी भिंती, पुढे लिंबाचं झाड, असं आमचं देऊळ. आम्ही आपसात देऊळच म्हणतो, गाव त्याला चर्च म्हणतं. पाळकसाहेब परभणीहून मोटारसायकलवर येतात, त्यांच्याकडे पाच गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्याचे दोन रविवार. उरलेल्या रविवारी उपासना मी चालवते. निवृत्त होऊन माहेरच्या गावात घर बांधलं आणि वर्षभरातच मंडळीने, म्हणजे या अकरा घरांनी, मला पंच केलं. पाच पंचांत मी पहिली बाई. पंच झाले म्हणजे काय, तर देवळातल्या लोखंडी पेटीची किल्ली माझ्या कनवटीला आली.

आता किल्लीचं आमच्यात फार आहे. प्रभूने आपला शिष्य पेत्र याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या. मंडळी इथे जे बांधेल ते तिथे बांधलेलं राहील आणि इथे जे सोडेल ते तिथे सुटेल, असं आम्ही संडेस्कूलपासून ऐकत आलो. लहानपणी मला पेत्र म्हणजे कमरेला जुडगा अडकवून फाटकाशी स्टुलावर बसलेला एक दाढीवाला वॉचमन वाटायचा. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. किल्ली हातात पडली की माणसाला आधी कुलूप लावायचंच सुचतं. प्रयोगाच्या पेटीला कुलूप, वाचनालयाच्या कपाटाला कुलूप, पोरं नासधूस करतात म्हणून पाण्याच्या टाकीलासुद्धा कुलूप. त्याच किल्लीने ते उघडतंही, हे माझ्या डोक्यात यायला बदलीची ऑर्डर यावी लागली. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी कपाट सताड उघडून ठेवलं, असं मला शिपायाने फोन करून सांगितलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

याकोबनाना म्हणजे आमच्या वडिलांपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, नात्याने लांबचे काका. आठ-दहा शेळ्या आणि दीड एकर रान. मला कळतं तेव्हापासून, म्हणजे मी बोर्डिंगातून सुट्टीत घरी यायचे तेव्हापासून, नाना रविवारी देवळाबाहेर लिंबाखाली बसलेले. शेळ्या आजूबाजूला. आत गाणं सुरू झालं की बाहेरून नानांचा आवाज यायचा, आतल्या सगळ्यांच्या वरताण. प्रार्थनेला ते तिथेच डोळे मिटायचे. प्रभुभोजनाला प्रभूच्या आठवणीची भाकर आणि पेला आत फिरायचा आणि नाना शेळ्यांकडे बघत बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शेळ्यायला कोन बघंल?" आम्हाला ते पटलेलं होतं. त्यांची बायको, राहेलकाकू, आत बायकांत बसायची. तिनेही कधी तोंड उघडलं नाही. ती जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

एकदा मात्र मला कळायला हवं होतं. पंच झाल्यावरचा माझा दुसराच रविवार असेल. मी शास्त्रपाठ वाचत होते आणि नानांची एक पाठ, तरणी शेळी, तोंड वर करून सरळ आत आली, मधल्या वाटेने चालत टेबलापर्यंत पोचली आणि टेबलावरच्या फुलदाणीतला झेंडू खायला लागली. पोरं हसायला लागली. नाना दाराशी येऊन उभे राहिले, "हाट, हाट" करत राहिले, चप्पल उगारली, पण उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही. शेवटी मला म्हणाले, "शोभे, आण ना गं तिला भाईर." मी शास्त्र मिटून त्या पाठीला कान धरून बाहेर काढलं, आणि मनात म्हटलं, हा माणूस किती आळशी आहे!

चार वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, प्रेरणा माझ्याकडे आली. प्रेरणा ही नानांची नात. आईबाप पुण्याकडे कामाला, ती नानांच्या हाताखाली वाढलेली, शेळीच्या दुधावर. परभणीत नर्स झाली आणि तिचं लग्न ठरलं. लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात, आमच्याच देवळात. त्याआधी तीन रविवार देवळात लग्नाची पुकार व्हायला हवी, म्हणून बाप्तिस्म्याची नोंद काढून द्या, असं सांगायला आली होती. चहा पिऊन झाला तरी उठेना.

"बाई, मला नानांनी हाताला धरून आत आणावं असं वाटतं. पप्पा पण म्हणाले, तो मान नानांचाच. पण नाना नाहीच म्हणतात. म्हणतात, दारापर्यंत येतो, पुढं तुझा बाप आणील."

"शेळ्या त्या दिवशी शमुवेलकडे बांधू की," मी म्हटलं.

"शेळ्यांचं नाही हो ते बाई!" आणि ती एकदम रडायलाच लागली. "नाना आत आले नाहीत तर मी बी बाहेरच उभी राहीन. लागू द्या लग्न लिंबाखाली."

तिला नोंद काढून द्यायची म्हणून मी संध्याकाळी पेटी उघडली. बाप्तिस्म्याची वही वर होती. खाली मंडळीची ठराववही होती, कसरीने कडा खाल्लेली. वाचायचं काही कारण नव्हतं, पण दादांचं अक्षर दिसलं. आमचे दादा, माझे वडील, तेवीस वर्षं या मंडळीचे पंच होते. त्यांचं ते मोडीच्या वळणावर गेलेलं टपोरं अक्षर बघितलं की माझं काळीज अजूनही हलतं. मी तिथेच फरशीवर बसून पानं उलटत गेले, आणि एका पानावर नानांचं नाव निघालं. पौषातल्या गावच्या यात्रेत याकोबने हलगी वाजवली, सबब त्याला सुगी होईपर्यंत मंडळीबाहेर ठेवावं. खाली पाच सह्या. पहिली दादांची.

पुढचं पान पावसाळ्यातलं होतं. छप्पर गळतंय, पत्रे बदलावेत. नंतर संडेस्कूल. नंतर नव्या पाळकांचं स्वागत. नानांना परत घेतल्याचा ठराव कुठेच नव्हता. मी वही शेवटच्या पानापर्यंत दोनदा चाळली. मोजलं, तर पंचेचाळीस वर्षं होत होती.

हलगीचं आता कुणाला सांगून पटायचं नाही. आता आमचीच पोरं वरातीत डीजेपुढे नाचतात. पण दादांच्या पिढीला विचारा. आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला गावकीत हलगी होती. लग्न असो, मयत असो, यात्रा असो, निरोप आला की हातातला घास ताटात ठेवून निघायचं, आणि त्याच्या बदल्यात दारोदार भाकर मागायची. मंडळीत आल्यावर आमच्या लोकांनी ती हलगी खाली ठेवली, आणि त्यासाठी मारही खाल्ला. दादा सांगायचे, त्यांच्या बापाने हलगी फोडून चुलीत घातली त्या दिवशी घरात सणासारखा गोड भात झाला होता. अशा माणसाला आपल्यातला एक तरणा गडी यात्रेत पुढे होऊन वाजवतोय हे बघून काय वाटलं असेल, ते मला कळतं. दादा चुकले असं मी म्हणणार नाही. निदान बांधताना चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वही पिशवीत घातली आणि नानांच्या रानात गेले. नाना ज्वारी उपटत होते. दोन्ही हातांनी धाट धरायचं, पाय रोवायचा, हिसका द्यायचा, माती झटकायची, आडवं टाकायचं. सत्तरीला आलेला माणूस, पण हिसका असा की बघत राहावं. मी वही काढली तसे ते थांबले.

"सापडलं का?" म्हणाले. जसं काही मी त्यांचा हरवलेला विळाच शोधून आणला होता.

"नाना, हे काय आहे? सुगीपर्यंतच होतं की हे! नुसती दोन महिन्यांची मुदत होती!"

"व्हय. मला म्हाईत हाय की."

"मग आत का आला नाहीत तुमी?"

नाना बांधावर बसले. तंबाखू मळत म्हणाले, "त्या साली सुगी झालीच न्हाई ना शोभे. तू बोर्डिंगात होतीस. उभ्या ज्वारीत गारा पडल्या. असल्या गारा, लिंबू कशाचं, आंब्याएवढ्या. एक कनीस हाती लागलं न्हाई. उपकारस्तुतीचा रविवार बी झाला न्हाई, कशाचे उपकार मानायचे! लोकं पोटामागं पांगले. तुझे दादा बी सहा महिने बाहीर होते कामाला. परत आले तव्हर इसरले."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढल्या साली मी वाट बघितली. त्याच्या पुढल्या साली बी बघितली. मग सवय झाली." त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "तुझ्या दादायला मी दोष देत न्हाई. मानूस लय सरळ होता. रोज राम राम घालायचा, इसरून गेलता फक्त."

"तुमी आठवण करून द्यायची की!"

"आता गं! मला घ्या म्हनून मीच म्हनायचं? वाजवली तर वाजवली, हात शिवशिवत व्हते माझे. कबूल केलं, शिक्षा बी कबूल केली. पन ज्यानं बांधलं त्यानंच येऊन सोडावं ना?"

मी म्हटलं, मी पंच आहे, मी म्हणते या. त्यावर ते नुसते हसले आणि पुन्हा ज्वारीला भिडले. परतताना माझे डोळे भरून येत होते. कडबा म्हणा हवं तर. राहेलकाकू आत आणि नाना बाहेर, पोरांचे बाप्तिस्मे झाले तेव्हा बाप दारात उभा, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, शेळ्या, शेळ्या!

पाळकसाहेब तरुण आणि मनाने उमदे. ऐकलं आणि तसेच गाडीला किक मारून नानांकडे गेले. मी मागे बसून गेले. म्हणाले, "अहो नाना, काय हे! देवाने तुम्हाला कधीच माफ केलंय. येत्या रविवारी बिनधास्त आत या."

नानांनी त्यांना बसायला बाज टाकली, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "साहेब, देवाचं अन् माझं बरं चाललंय. त्यानं मला कधी भाईर काढलंच न्हवतं. भाईर काढलं ते मंडळीनं."

पाळकसाहेबांनी तांब्यातलं पाणी संपवलं आणि आम्ही निघालो. घरी येऊन मी भाकरी थापता थापता त्या वाक्याचाच विचार करत होते, आणि माझी एक भाकर करपली. आजवर मला वाटायचं, क्षमा करणं देवाचं काम, मंडळीला अधिकार म्हणजे बसवायचा-उठवायचा, नोंदी ठेवायचा. मग प्रभूने बांधायचं-सोडायचं माणसांच्या हाती दिलंच कशाला? नानांकडे बघून मला त्याचं उत्तर मिळालं. देवाने आत कितीही माफ केलेलं असो, माणसाला ते ऐकायला यावं लागतं. कुणीतरी उठून, त्याच्यासमोर उभं राहून, तोंड उघडून म्हणावं लागतं. जाऊ द्या हो, आता कोण मानतं ते, असं म्हटल्याने सुटत नाही. त्याने अपराध आणि क्षमा दोन्ही हलके होतात. पंचेचाळीस वर्षं एका माणसाने आमचा शब्द आमच्यापेक्षा जास्त मानला होता, आणि आम्हाला आपण काही शब्द दिला होता याचाच पत्ता नव्हता.

पंचांची बैठक माझ्या ओसरीवर झाली. शमुवेल, ज्याचं मळणीयंत्र आहे आणि ज्याला कायम घाई असते, म्हणाला, "त्यात काय बाई, ठरावावर आडवी रेघ मारा. काम खलास."

"रेघ मारून काय होतंय?" मी चिडलेच. "बांधताना पाच जण बसले होते. सोडायला एक जण उठला नाही. आता सगळी मंडळी उठेल."

"मग काय लिवायचं ठरावात? शिक्षा माफ?"

मी म्हटलं, लिहा, मंडळी चुकली. शमुवेल खाली बघून म्हणाला, "पन बाई, त्यात तुमच्या दादाचं नाव येतंय की." ते मला माहीत होतं. तीन दिवस मी त्याच एका गोष्टीवर झोप मोडून घेतली होती. दादांचं नाव आमच्या मंडळीत अजून घेतात, म्हातारी माणसं त्यांची शपथ घालतात, आणि त्यांच्या मुलीनेच उभं राहून त्यांची चूक सांगायची? पण मग मला पेत्र आठवला. किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या होत्या? ज्याने पुढे तीनदा प्रभूचीच ओळख नाकारली आणि बाहेर जाऊन रडला, त्याच्या. आणि नाकारलं म्हणून त्या परत काढून घेतल्या नाहीत. कधी न चुकणाऱ्याच्याच हाती द्यायच्या असत्या, तर त्या आजवर खुंटीलाच राहिल्या असत्या. दादांनाही हे समजलं असतं. मी म्हटलं, नाव येऊ द्या.

त्या वर्षी सुगी फार सुंदर झाली. उपकारस्तुतीच्या रविवारी देवळात टेबलाभोवती ज्वारीच्या पेंढ्या, हरभऱ्याच्या घाट्यांचे डहाळे, करडईची पोती, एक भोपळा आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी सगळ्या उपदेशभर कुरकुरत होती. पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला. मग अकरा घरं उठली, म्हातारी, पोरं, कडेवरची लेकरं, सगळी. दारातून बाहेर पडून आम्ही लिंबाखाली गेलो. नाना डोळे मिटून बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि घाबरून उभेच राहिले.

मी कागद लिहून नेला होता. तो तसाच घडी करून ठेवून दिला. म्हटलं, "नाना, या मंडळीनं तुमाला सुगीपर्यंत बाहेर ठेवलं होतं. सुगी झाल्यावर बोलवायचं मंडळी विसरली. माझे दादा विसरले. ही आमची चूक झाली. मंडळीनं तुमाला बांधलं होतं, आज मंडळी तुमाला सोडते. आणि नाना, तुमी बी आमाला सोडा."

नानांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सोडलं. समद्यायला सोडलं." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या दादायला बी."

मग मी रडले. हमसून हमसून रडले, पंच-बिंच सगळं विसरून. प्रेरणाने मला धरलं. नानांनी चप्पल काढली आणि उंबऱ्यापाशी आले, आणि खाली बघून आधी उजवा पाय आत ठेवला, नवरीसारखा. पोरं हसली, आम्हीही रडत रडत हसलो. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी नानांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, तो नाना इतका वेळ बघत राहिले की मागची रांग खोळंबली. कुणीही घाई केली नाही, शमुवेलनेसुद्धा नाही.

लग्न झकास झालं. नानांनी नवा पटका बांधला होता, प्रेरणाच्या हातात हात घालून ते मधल्या वाटेने इतके हळू चालले की संडेस्कूलच्या पोरांना गाण्याचं कडवं तीनदा म्हणावं लागलं. ते सगळं मला आठवतं. पण ती सुगी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो लग्नानंतरचा रविवार.

पाळकसाहेब दुसऱ्या गावाला होते, उपासना माझ्याकडे होती. रान मोकळं झालं होतं, बाहेर ऊन तापायला लागलं होतं. पहिलं गाणं संपलं तरी नानांचा पत्ता नव्हता. माझं लक्ष सारखं दाराकडे. मनात आलं, लग्नापुरते आले आणि पुन्हा लिंबाखाली बसले की काय? की आजही कुणी बोलवायला जायला हवं होतं? पुन्हा विसरलो का आम्ही? मी प्रार्थना अर्ध्यात आवरली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर जायला निघाले.

तेवढ्यात नाना आत आले. उशीर झाला म्हणून ओशाळले नाहीत, दाराशी घुटमळले नाहीत, कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतल्या पोरांना "सरका रे" म्हणून मधोमध फतकल मारून बसले. मग माझ्याकडे लक्ष गेलं.

"कुठं निघालीस गं, शोभे?"

"तुमालाच बोलवायला निघाले होते, नाना."

"मला?" नाना चांगलेच डाफरले. "घरच्यायला कोन बोलवाया जातंय का? कर तुझी प्रार्थना."